बसायची परवानगी

माझ्या नवऱ्याला राग आला की तो जिथं असेल तिथं खाली बसतो. बसूनही राग उतरला नाही तर आडवा होतो. पाणी हाताशी असेल तर वजू करतो, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे चूळ भरून हात, तोंड, पाय धुतो. ही त्याची लहर नव्हे. आम्हा मुसलमानांना पैगंबरांची शिकवणच तशी आहे. राग आगीतून येतो, म्हणून पाणी. उभ्या माणसाचा हात चटकन उठतो, म्हणून बसायचं. बसलेल्याचाही उठू शकतो, म्हणून निजायचं. ऐकायला सोपं वाटतं. पाळणारे मी फार थोडे पाहिले, आणि त्यातला एक माझ्याच घरात निघाला.

घर म्हणजे कोल्हापुरात सरकारी पागेच्या मागच्या चाळीत मिळालेल्या दोन खोल्या. थोरल्या महाराजांच्या कारकिर्दीची ती अखेरची वर्षं. माझा नवरा पागेत चाबुकस्वार होता. नवे, आडदांड घोडे माणसाळवायचे आणि स्वारीला तयार करायचे, हे त्याचं काम. तरुणपणी त्याचा हात घोड्यांवर कमी आणि माणसांवर जास्त चालायचा. आमच्या लग्नाआधी त्यानं घोड्यांची निगा राखणाऱ्या एका मोतद्दाराचा जबडा मोडला होता. त्यानंतर मशिदीतल्या एका म्हाताऱ्या मौलवींनी त्याला धरून बसवलं आणि ही सवय लावली. सवय लागली ती कायमची.

मी तिचा भरपूर त्रास काढला. मंडईत वांग्याचा भाव करता करता हा माणूस एकदम उकिडवा बसायचा आणि भाजीवाली ओरडायची, "ओ वैनी, मियाँसायबास्नी घेरी आली बघा!" एका लग्नाच्या पंगतीत माझ्या भावाशी त्याचा वाद झाला, तेव्हा तो मांडवाच्या मधोमध आडवा झाला. वाढपी पुलावाची ताटं घेऊन त्याला ओलांडून जात होते. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण एक सांगते, जबडा मोडल्यानंतर त्यानं कुणावर हात टाकल्याचं मी पाहिलं नाही. माझ्यावरही नाही. चाळीतल्या बाकीच्या बायकांना हे सांगता आलं नसतं.

पागेवर त्या सुमाराला एक नवा साहेब आला होता. ऑस्ट्रेलियातून मोठ्या हाडाचे घोडे जहाजानं आणले, त्यांच्याबरोबरच तो आला. आपल्याकडच्या बोलीतलं त्याला काही येत नव्हतं. फक्त शिव्या येत होत्या, त्याही मोतद्दारांनी निवडून शिकवलेल्या. त्याच्या बायकोला आम्ही मडम म्हणायचो. मी तिच्या बंगल्यावर कामाला होते. शिवणटिपण, धोब्याचं, स्वयंपाकघरावर देखरेख, असं सगळं माझ्याकडे. माझे वडील छावणीतल्या एका साहेबाकडे खानसामा होते, त्यामुळे इंग्रजी माझ्या कानावर लहानपणापासून होतं. मी ते वाचत नसे, पण बोलत असे. घरात आम्ही दखनी बोलतो, बाहेर मराठी, आणि लिहायला मी मराठीच शिकले, म्हणून हे मराठीत लिहिते आहे.

मडम वाईट बाई नव्हती. उंच, काटक, पाठीचा कणा ओळंब्यात धरल्यासारखा. ती मला शिवण चालू असताना धडे द्यायची. तिचा आवडता शब्द होता सेल्फ कंट्रोल. राग आला, रडू आलं, भीती वाटली, तर दात आवळायचे, पाठ सरळ ठेवायची, चेहरा हलू द्यायचा नाही. "माणूस स्वतःचा मालक झाला पाहिजे," ती म्हणायची. "जो स्वतःवर हुकूम चालवू शकत नाही, त्यानं दुसऱ्यावर चालवू नये."

हे मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मालक झालं की माणूस फुगतो. राखणदार व्हावं. आपला नफ्स, हे आतलं हट्टी मन, म्हणजे आपल्याकडे राखायला दिलेलं जनावर. त्याला मारायचं नाही आणि मोकळंही सोडायचं नाही."

रमजान लागला तो ऐन उन्हाळ्यात. विहिरी आटल्या होत्या, रंकाळ्याचं पाणी काठ सोडून आत गेलं होतं. मडमला आमच्या रोज्यांचं नवल वाटायचं. एकदा तिनं विचारलं, "दिवसभर पाणी पीत नाही, ते कुणाच्या धाकानं?"

मी म्हटलं, "धाक कुणाचा? वजू करताना पाणी तोंडातच असतं. घोटभर गिळलं तर कुणाला कळणार आहे?"

"मग का गिळत नाही?"

"ज्याच्यासाठी रोजा धरला त्याला कळतं म्हणून."

ती मग म्हणाली, "मी गिळलं नसतं, कारण मला माझीच लाज वाटली असती. देवाला मध्ये आणायची गरज नाही."

मला दोन्हींत फारसा फरक वाटला नाही. तहान दोन्हीकडे लागतेच. पण पुढं जे झालं त्यात फरक निघाला.

मडमला घोड्याची भीती वाटायची. हे साहेबाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण रोज सकाळी घोडा फिरवायला रिंगणावर जाण्याआधी ती बंगल्यामागच्या लिंबाखाली जाऊन उलटी करायची, तोंड धुवायची आणि सरळ पाठीनं घोड्याकडे चालायला लागायची. मी टॉवेल धरून उभी असे. ती टॉवेल घ्यायची, माझ्याकडे बघायची नाही. हा तिचा सेल्फ कंट्रोल. मी त्याला नाव ठेवत नाही. मला तो जमला नसता.

नवरा मात्र म्हणायचा, "हिंमत मोठी आहे बाईची. पण घोडा पाठीवरच्या माणसाचा चेहरा बघत नाही. त्याला मांड्या कळतात."

त्या सकाळी मडम तांबड्या घोडीवर होती. माझा नवरा रिंगणाच्या मध्ये लांब चाबूक घेऊन उभा. तो चाबूक घोड्याला मारायचा नसतो, दाखवायचा असतो. मी कुंपणाजवळ होते. कुठं तरी वाळत घातलेली झूल वाऱ्यानं फडफडली, घोडी बाजूला उडाली, धुळीचा लोट उठला, आणि धूळ बसली तेव्हा मडम जमिनीवर होती. तिचा घोटा मुरगळला होता. मी धावले. ती माझा हात न धरता उठली आणि उभी राहिली. चेहरा पांढरा, पण जागचा हललेला नाही.

तेवढ्यात साहेब आला. त्यानं बायकोकडे एकदा बघितलं आणि माझ्या नवऱ्याकडे वळला. कच्ची घोडी दिलीस, मुद्दाम दिलीस, असं काहीबाही इंग्रजीत ओरडला. मग त्याला येत होती त्या भाषेत त्यानं माझ्या सासूवरून शिवी घातली. सगळे मोतद्दार काम थांबवून बघत होते. शिवी त्यांनीच शिकवलेली होती, आता त्यांनाच ती ऐकवेना.

माझ्या नवऱ्याच्या मानेची शीर मी ओळखते. ती फुगली. त्याच्या हातातला चाबूक थोडासा वर आला. मग त्यानं तो जमिनीवर ठेवला. टाकला नाही, ठेवला. आणि साहेबाच्या बुटांपुढं धुळीत मांडी घालून बसला.

"गेट अप!" साहेब म्हणाला.

नवरा बसून राहिला, डोळे जमिनीवर. साहेबानं तीच शिवी पुन्हा घातली आणि बुटाच्या टोकानं त्याचा खांदा ढोसला. मला पुढचं दिसलं. नको, मी मनात म्हणत होते, आता नको. पण माझा नवरा उजव्या कुशीवर वळला, डोक्याखाली हात घेतला आणि साहेबासमोर आडवा झाला.

मागं कुणीतरी फसकन हसलं. साहेबाचं तोंड लाल झालं.

पागेचा जमादार उचगावचा. मनानं चांगला, पण गप्प बसणं त्याला माहीत नव्हतं. साहेबाला परिस्थिती समजावून सांगावी, म्हणून तो पुढं झाला. त्याला इंग्रजीतले मोजके शब्द येत होते, त्यातला एक त्यानं काढला. "स्ट्राइक, सायेब! स्ट्राइक!"

त्या दिवसांत इंग्रजी मुलखातून रोज काही ना काही कानावर येत होतं. अमक्या कचेरीपुढं लोक बसले, तमक्या गिरणीत काम बंद पडलं. बसलेल्या माणसांना साहेब लोक धसकले होते, आणि बसलेला माणूस मुसलमान असला तर जास्तच. साहेब एक पाऊल मागं सरला. मग त्यानं हुकूम सोडला. चाबूक काढून घ्या. उद्या सकाळी सगळ्या पागेसमोर याचा जबाब होईल. हा बाहेरच्या चळवळीतला माणूस निघाला तर पोलिसांच्या हवाली करीन. नाही निघाला, तरी खोल्या रिकाम्या करायच्या.

हे सगळं माझ्याकडूनच भाषांतर करून घेतलं. नवऱ्याला मी सांगितलं तेव्हा तो अजून आडवाच होता.

दुपारी जमादार आमच्याकडे आला. दारातूनच बोलायला लागला. "उस्ताद, माजं चुकलं, पर मी वंगाळ बोललो न्हाय. मुंबैला माजा म्हेवणा गिरणीत हाय. तितं समदी बसली की त्येलाच स्ट्राइक म्हंत्यात की!"

"म्हणतात," मी म्हटलं. "आणि इंग्रजीत मारण्यालाही तोच शब्द आहे."

जमादाराचं तोंड उघडंच राहिलं. "आता गं बया!" मग तो नवऱ्याकडे वळला. "ह्ये बगा, एक तोड हाय. तुमचा रोजा हाय न्हवं? उपाशी पोटी उन्हात घेरी आली, म्हनून पडलो, आसं म्हना. सायेब बी मानूसच हाय. समदं मिटंल."

मला ते एकदम पटलं. तोड स्वच्छ होती. कुणाला दुखवत नव्हती, आणि आमच्या डोक्यावर छप्पर ठेवत होती. पण नवरा म्हणाला, "घेरी आली नव्हती."

"आली नव्हती ते मला माहिताय. म्हना."

"रोजाच्या माथ्यावर खोटं ठेवू? आणि पुढल्या रमजानला साहेब म्हणेल, रोजा धरणाऱ्यांना घेरी येते, त्यांना घोड्याजवळ ठेवू नका. मग पागेतल्या बाकीच्यांनी काय करायचं?"

"बाकीच्यांचं सोडा," मी म्हटलं. "तुम्हाला पोलिसांनी नेलं तर मी काय करायचं ते सांगा."

जमादार "वैनी, तुमीच समजवा ह्येस्नी" म्हणून निघून गेला. राग मला आला होता, पण मला पाणी भरायचं होतं, पीठ चाळायचं होतं आणि बंगल्यावर जायचं होतं. राग उतरेपर्यंत निजून राहायची सोय मला नव्हती.

बंगल्यावर मडम उभीच होती. घोटा सुजून बुटाबाहेर आला होता, तरी टेबलाला हात न लावता उभी. मी सरळ मुद्द्यावर आले. म्हटलं, माझा नवरा चळवळीतला नाही, आळशी नाही आणि त्यानं साहेबाची टिंगलही केली नाही. आमच्यात राग आवरायची रीत अशी आहे. मग मी तिला बसणं, निजणं, पाणी, सगळं सांगितलं.

ती ऐकत राहिली. "राग आवरायला तो आडवा झाला?"

"हो."

"पण आमच्याकडे आडवा होतो तो हरलेला माणूस. किंवा उर्मट. स्वतःला आवरणारा माणूस उभा राहतो."

"तुमच्याकडे उभा राहतो आणि आमच्याकडे बसतो. आवरणं तेच."

"तेच नाही," ती म्हणाली. तिला वादात खोटं चालत नसे. "उभं राहिलं की राग आला होता हेच कुणाला कळत नाही. तुझ्या नवऱ्यानं तो सगळ्या पागेला दाखवला."

हे खरं होतं. मी म्हटलं, "लपवलेला राग मागं शिल्लक राहतो, मडम. त्याचं काय करता?"

ती खिडकीपर्यंत लंगडत गेली आणि बाहेर बघत, मीठ संपल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाली, "मी लगाम सोडला होता. घोडी कच्ची नव्हती. ती उडाली आणि माझे हात आपोआप उघडले. तुझ्या नवऱ्यानं ते बघितलं. त्यानं कुणाला सांगितलं?"

"मलासुद्धा नाही."

"मी घोड्याला घाबरते हे साहेबांना माहीत नाही," ती म्हणाली. "त्यांना माणसाचं काहीही चालतं. भीती तेवढी चालत नाही."

उद्या बोलाल का, असं मी विचारलं. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हे कुणाला सांगू नकोस असंही म्हणाली नाही. म्हणजे आता माझ्या हातात एक पत्ता होता, आणि तो टाकायला मला कुणी मना केलं नव्हतं. घरी येईपर्यंत मी तो उलटसुलट करून बघितला. मी सांगितलं तर साहेब विश्वास ठेवेल का? नाही ठेवला तर आणखी एक खोटा आरोप आमच्या माथी. ठेवला तर मडमचं काय?

रोजा सोडताना मी नवऱ्याला आडून विचारलं, "मडमच्या हातांकडे बघितलंत ना तुम्ही, पडली तेव्हा?"

"मी घोडीकडे बघत होतो."

"घेरी आली म्हणायला तुम्हाला खोटं चालत नाही, आणि हे चालतं?"

"खोटं कुठं? घोडीकडेच बघत होतो. लगाम घोडीच्याच तोंडात असतो." त्यानं खजूर चावला. "बाईमाणसाची भीती चारचौघांत उघडी करायची नसते. ते माझ्याकडून होणार नाही. तूही करू नकोस."

"मी कशाला करू?" मी म्हटलं. पण मी ठरवलेलं नव्हतं. खरंच पोलिसांची वेळ आली तर मी बोलणार होते, आणि हे त्याला सांगायची मला गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पागा बंगल्याच्या अंगणात उभी होती. साहेब व्हरांड्याच्या पायरीखाली, हातात छडी. मडम त्याच्या मागं पायरीवर उभी, आदल्या दिवसासारखीच ताठ, पण एका पायावर भार टाकून. मी मध्ये, दुभाषी म्हणून. माझा नवरा समोर, हात बांधून. जमादार कडेला उभा राहून ओठ चावत होता. त्याला बोलू नकोस अशी सगळ्यांनी ताकीद दिली होती.

साहेबानं विचारलं, का बसलास? मी विचारलं. नवरा म्हणाला, "राग आला म्हणून."

मी सांगितलं. साहेब म्हणाला, "राग येऊन काम टाकून बसायचं, यालाच स्ट्राइक म्हणतात."

आता नवऱ्याकडे वळायचं की आपणच बोलायचं, हे मला ठरवायचं होतं. मी आपणच बोलले. म्हटलं, "त्या शब्दाचा दुसरा अर्थ आहे साहेब. तो करायला लागू नये म्हणून तो बसला."

बोलून गेले, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. माझ्या नवऱ्याला साहेबावर हात टाकायचा होता, हे मी भर अंगणात सांगून बसले होते.

साहेब अगदी हळू आवाजात म्हणाला, "त्याला विचार. तो मला मारणार होता का?"

मी विचारलं. इथं मला वाट होती. नवरा काहीही बोलला तरी मी इंग्रजीत गुळगुळीत करून सांगू शकले असते. अंगणात मला अडवणारं कुणी नव्हतं. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सांग. चाबूक हातात होता. बसलो नसतो तर तोंडावर बसला असता." मग म्हणाला, "मनात आलं ते माझ्या हातात नव्हतं. हात माझ्या हातात होता."

मी जसंच्या तसं सांगितलं. गुळगुळीत केलं असतं तर त्याच्या बसण्याला काही अर्थच उरला नसता, आणि निरर्थक बसलेला माणूस पोलिसांकडेच गेला असता. हा माझा हिशेब होता. तो बरोबर होता की नाही, हे साहेबाच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

साहेब म्हणाला, "ज्याच्या मनात ते येतं, तो उद्या करतोही."

नवऱ्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "आमच्याकडे मनात वाईट येऊन न करणाऱ्याची नेकी धरतात."

मी हेही सांगितलं. साहेबाला ते ऐकायचं नव्हतं. तो पुढं आला, माझ्या नवऱ्याच्या तोंडासमोर उभा राहिला, आणि त्यानं तीच शिवी पुन्हा घातली. या वेळी रागानं नव्हे. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. बघू या काय करतोस, असं.

अंगणात सगळ्यांची नजर माझ्या नवऱ्याच्या गुडघ्यांवर होती. साहेबाचीही. मानेची शीर फुगली. बांधलेले हात सुटले. बसला तर संपलंच, सगळ्या पागेसमोर पुन्हा तेच. उभा राहिला तर काय होईल, ते मला माहीत होतं; मोडलेल्या जबड्याचा मोतद्दार अजून पागेतच होता. मी तोंड उघडलं. मडमच्या हातांची गोष्ट माझ्या जिभेवर आली होती.

तेवढ्यात नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेबांना विचार, बसू का?"

मी इंग्रजीत म्हटलं, "तो खाली बसायची परवानगी मागतो आहे."

साहेबानं छडी या हातातून त्या हातात घेतली. परवानगी दिली, तर हाताखालचा माणूस सगळ्यांसमोर त्याच्यापुढं बसणार. नाकारली, तर पुढं काय होणार हे त्यानं नुकतंच माझ्या तोंडून ऐकलं होतं. त्याला ते दोन्ही दिसत होतं, आणि त्याला दिसतंय हे आम्हाला दिसत होतं. त्याचा जबडा आवळला गेला. दात करकरल्याचं मी ऐकलं.

मागं सळसळ झाली. मडम पायरीवर बसली होती. खुर्ची नव्हे, पायरी, धुळीची, घागरा गोळा करून. तिनं बुटाची नाडी सोडायला घेतली आणि मान वर न करता, शांतपणे, इंग्रजीत दोन वाक्यं बोलली. लगाम माझ्या हातून सुटला. त्यानं ते बघितलं आणि तो गप्प राहिला.

साहेब वळला नाही. त्याचा चेहराही हलला नाही. फक्त कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मडमनं सांगितलेला धडा तो पाळत होता, आणि किती कष्टानं पाळत होता, हे मी हातभर अंतरावरून बघत होते. त्या घटकेला मला त्याच्याबद्दल आदर वाटला हे मी कबूल करते. पुढं तो आदर फार टिकला नाही.

मग साहेब म्हणाला, "बैठो."

शिव्यांखेरीज आमच्या भाषेतला त्याच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला शब्द. माझा नवरा बसला.

साहेबानं निवाडा उभ्यानंच दिला. पोलिसांचं नाव काढलं नाही. पण चाबूक परत मिळणार नाही. चाबुकस्वारीवरून याला काढलं आहे. गगनबावड्याच्या वाटेवर गवताची कुरणं आहेत, तिथल्या खेचरांवर याला धाडायचा. ईद झाली की खोल्या सोडायच्या. एवढं बोलून तो आत गेला, जाताना मडमला हात द्यायला थांबला, आणि तिनं तो धरला.

लोक पांगायला लागले. जमादार लगबगीनं माझ्याकडे आला. "वैनी, मडम काय बोलली ओ मगाशी? सायेब येकदम गारच पडला की!"

"पाय दुखतोय म्हणाली," मी म्हटलं.

"व्हय? मग दुखंलच की. सुजलाय न्हवं का केवढा!" जमादाराचं समाधान झालं.

घरी जाताना मी नवऱ्याशी बोलले नाही. गगनबावड्याकडे पाऊस लागला की तीन हातांवरचं दिसत नाही. सरपण वाळत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते. मडमच्या बंगल्यावरचं माझं कामही सुटलं. तुरुंग टळला, छप्पर गेलं, नोकरी अर्धी राहिली. विहिरीपाशी आल्यावर मी विचारलं, "साहेब नाही म्हणाला असता तर?"

"तर बसलो असतो."

"मग विचारलंत कशाला?"

तो चालता चालता थांबला. "काल मी माझा राग आवरला. साहेबाचा कोण आवरणार होतं? विचारलं, की उत्तर देण्यापुरतं तरी समोरच्याला थांबावं लागतं."

"आणि माझा राग?" मी म्हटलं. "तो कालपासून तसाच आहे."

त्यानं विहिरीच्या कट्ट्याकडे हात केला. "मग तू पण बस की थोडी."

"मी बसते," मी म्हटलं, "आणि तुम्ही जाऊन सामान बांधा. भांडी चिंध्यांत गुंडाळून ठेवायची, चिनीमातीची बरणी सगळ्यात वर."

तो गेला. मी ऊन अंगावर येईपर्यंत कट्ट्यावर बसून राहिले. राग थोडा उतरला, सगळा नाही. घरी जाऊन बघते तर त्यानं बरणी सगळ्यात खाली घातली होती.